मदत हवी आहे: लिनक्स कर्नलचे हेडर ६.६ चे, तरी ग्लिबसी म्हणते 'फार जुने'

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा. आयर्विन पुलाला ४० फूट इशारा आणि ४५ धोका हे इथं पोरासोरांनाही पाठ आहे. पण आमच्या मागच्या नाल्यात कृष्णेचा फुगवटा किती आला, ते कुणी सांगत नाही. म्हणून पातळी मोजणारा सेन्सर आर्म६४ जातीच्या प्रोसेसरच्या एका छोट्या बोर्डाला जोडतोय. बोर्डावरचा कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.९ आहे आणि मोडेमचा ड्रायव्हर त्याच कर्नलला बांधलेला, त्यामुळं तो बदलता येत नाही. लॅपटॉपवर (उबुंटू २२.०४) क्रॉस-कंपाइल केलेला (म्हणजे बोर्डाच्या प्रोसेसरसाठी बांधलेला) प्रोग्राम बोर्डावर 'ग्लिबसी_२.३४ सापडली नाही' म्हणून थांबतो (ग्लिबसी म्हणजे प्रोग्रामना लागणारी सी ची मूळ लायब्ररी). म्हणून ग्लिबसी २.३९ स्वतःच बिल्ड करायला घेतली.

कर्नल ६.६ चा सोर्स उतरवून कॉन्फिगरला (बिल्डआधी तपासणी करणारी स्क्रिप्ट) --विथ-हेडर्समध्ये त्यातल्या इन्क्लूड फोल्डरचा पाथ दिला. उत्तर आलं: हेडर (कर्नलशी बोलायला लागणाऱ्या व्याख्यांच्या फाइली) नाहीत किंवा फार जुने आहेत, लिनक्स ३.२.० किंवा त्यापुढचे हवेत. आता ६.६ जुना कसा?

कर्नल आधी पूर्ण कंपाइल करावा लागतो का? आणि बोर्डावर ४.९ आहे तर हेडरही ४.९ चेच घ्यायचे का?

प्रतिसाद, घाटावरचा (सातारा)

एरर नीट वाचा, खाली लिनक्स/व्हर्जन.एच चं नाव असेल. तपासणी त्या फाइलवर चालते आणि ती कच्च्या सोर्समध्ये नसतेच, मेक चालवल्यावर तयार होते. फाइल सापडली नाही की 'जुने' म्हणून मोकळं.

शिवाय इन्क्लूड फोल्डर कर्नलच्या स्वतःच्या वापरासाठी आहे. बाहेरच्या प्रोग्रामसाठीचा भाग ३.७ पासून यूएपीआय नावानं वेगळा काढलाय. तो गोळा करून, कर्नलपुरता मजकूर गाळून देण्याचं काम हेडर्स_इन्स्टॉल करतं:

मेक आर्च=आर्म६४ इन्स्टॉल_एचडीआर_पाथ=/होम/सिसरूट/यूएसआर हेडर्स_इन्स्टॉल

.कॉन्फिग (कर्नलच्या सेटिंगची फाइल) लागत नाही, कर्नल कंपाइल करायचा नाही. मग --विथ-हेडर्सला /होम/सिसरूट/यूएसआर/इन्क्लूड द्या (सिसरूट म्हणजे बोर्डासाठीच्या फाइलींचा फोल्डर). आर्च विसरू नका, नाहीतर लॅपटॉपच्या जातीचे हेडर येतील. राइट या सिस्टिम कॉलचा (प्रोग्रामनं कर्नलकडं केलेल्या मागणीचा) नंबर एक्स८६-६४ वर १ आहे, आर्म६४ वर ६४. आणि कंपायलरच्या नावात एआर्च६४ (aarch64) असतं म्हणून इथंही तेच लिहू नका, कर्नलला आर्म६४ हेच नाव कळतं.

हेडर नवे चालतात, उलट बरेच. ४.९ ला एखादा नवा कॉल माहीत नसेल तर तो ईनोसिस ('असा कॉल नाही' ही एरर) परत देतो आणि पर्याय असेल तिथं ग्लिबसी जुन्या वाटेनं जाते. जपायचं ते --इनेबल-कर्नलला. तिथं ५.४ लिहिलंत तर त्याआधीच्या कर्नलसाठीच्या जुन्या वाटा लायब्ररीतून वगळल्या जातात. ४.९ लिहा किंवा काहीच लिहू नका.

धागाकर्ता

दादा, हेडर्स_इन्स्टॉल 'आरसिंक सापडलं नाही' म्हणतंय (आरसिंक म्हणजे फाइली कॉपी करायचं साधन). हा लॅपटॉप ऑफिसचा, मला काही इन्स्टॉल करता येत नाही.

प्रतिसाद, घाटावरचा

मग नुसतं मेक आर्च=आर्म६४ हेडर्स. सगळं यूएसआर/इन्क्लूडमध्ये येईल. त्यातल्या .एच नसलेल्या फाइली उडवा आणि तो फोल्डर सिसरूटमध्ये कॉपी करा. 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच'वाले (सोर्सपासून स्वतः लिनक्स उभं करणारे) असंच करतात.

प्रतिसाद, वाटसरू

मध्येच बोलतो. प्रोग्राम साधा सी मधला असेल तर -स्टॅटिक देऊन (म्हणजे लायब्ररी प्रोग्राममध्येच भरून) बघा की आधी, एवढा व्याप कशाला? आणि ग्लिबसी बिल्ड केलीच तर बोर्डाच्या /लिबमधल्या फाइलींवर टाकू नका. अर्धवट बदल झाला तर एलएस (फाइलींची यादी दाखवणारी साधी कमांड) सुद्धा चालणार नाही, मग कार्ड काढून दुसऱ्या मशीनवर दुरुस्त करत बसाल. /ऑप्टमध्ये वेगळी ठेवा आणि प्रोग्राम तिथल्याच लोडरनं (प्रोग्रामला लायब्ररी जोडून देणारी फाइल) चालवा.

धागाकर्ता

कॉन्फिगर पास झालं, मेक चालू आहे. स्टॅटिकचंही बघतो, पण प्रोग्राममध्ये होस्टचं नाव शोधायला गेटअ‍ॅड्रइन्फो आहे. त्यानं अडेल का?

प्रतिसाद, घाटावरचा

लिंक करताना वॉर्निंग येईल. ते फंक्शन चालताना शेअर्ड लायब्ररी मागतं, तीही त्याच आवृत्तीची. सर्व्हरचा आयपी थेट लिहिता येत असेल तर स्टॅटिक, नाहीतर /ऑप्टचाच मार्ग.