मुलाने ताईचा गुलाबी रेनकोट घातला तर लोकांना काय प्रॉब्लेम असतो?

दोनपोरांचीआई

मला दोन मुलं, लेक सहा वर्षांची आणि मुलगा साडेतीनचा. ताईला लहान झालेले कपडे धाकट्याला घालते, चांगले धडधाकट कपडे टाकून कशाला द्यायचे. आत्तापर्यंत काही नव्हतं पण परवा तो ताईचा गुलाबी रेनकोट घालून मस्त डबक्यात उड्या मारत होता आणि नात्यातले एक काका (माणूस वाईट नाही हो, अगदी प्रेमळ आहेत) हसत हसत म्हणाले, "काय रे, तू मुलगी झालास का?" झालं. त्याने तिथल्या तिथे रेनकोट काढला, भिजत घरी आला आणि आता त्याला हातही लावत नाही. आणि खरं सांगू, त्याच्या रंगापेक्षा मला ते "मुलगी झालास का" जास्त लागलं, कारण शेजारी माझी लेक उभी होती, तिनेही ऐकलं ना, की मुलगी होणं ही चिडवायची गोष्ट आहे.

दुसरं म्हणजे लेकीला खिसे हवे असतात, दगड, पिसं, बिया काय काय गोळा करत असते, पण मुलींच्या पँटला एकतर खिसे नसतात नाहीतर नुसती शिवण मारून खिशाचा देखावा. तुम्ही काय करता? लोकांना काय उत्तर देता, म्हणजे भांडण न होता?

सुईदोरा

खिशावर बोलते कारण बरीच वर्षं लहान मुलांच्या कपड्यांचं पॅटर्न आणि कटिंग करत होते. वयात येईपर्यंत मुलामुलींच्या मापात फरक जवळजवळ नसतो. डब्ल्यूएचओच्या तक्त्यात पाच वर्षांच्या मुलाची मधली उंची 110 सेंमी आणि मुलीची 109.4. म्हणजे जेमतेम अर्ध्या सेंमीच्या वर! एकाच पॅटर्नवर दोघांचे कपडे निघू शकतात. तरी मुलींच्या शॉर्ट्स आखूड, टीशर्ट अंगासरशी, बाही इवलीशी, कापड पातळ, आणि मुलांचं सगळं ऐसपैस आणि गुडघ्याला डबल कापड. का, तर मुली गुडघ्यावर पडतच नाहीत बहुतेक 😀 खिसा म्हणजे जास्तीचं कापड आणि जास्तीची शिलाई, मग तो कुठे वाचवायचा तर मुलींच्या पँटमध्ये, कारण तिथे कोणी विचारत नाही. आणि रंग वेगळे ठेवले की ताईचं भावाला चालत नाही, आईबाप दुसऱ्यांदा खरेदी करतात, हा हिशोब तर सरळच आहे.

उपाय: मुलांच्या विभागातून पँट घ्या, कंबर सैल झाली तर इलास्टिक ओढून घ्या. फ्रॉकच्या बाजूच्या शिवणीत खिसा घालणं अजिबात अवघड नाही, शिवण हात जाईल एवढी उसवा, दोन पानं आत लावा, झालं.

जुनेफोटोवाला

काकांना एक फोटो दाखवा. फ्रँकलिन रूझवेल्ट, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले ते, त्यांचा 1884 चा अडीच वर्षांचे असतानाचा फोटो आहे, पांढरा फ्रॉक, लांब केस, हातात पिसं लावलेली टोपी. तेव्हा तिकडे मुलगे पण सर्रास फ्रॉकच घालायचे, लंगोट बदलायला सोपं आणि पांढरा कपडा उकळून ब्लीच करता येतो म्हणून. आणि गुलाबी मुलींचा हे तर अजून नवीन. 1918 मध्ये तिथल्या कपडे व्यापाऱ्यांच्या एका मासिकात छापलं होतं की गुलाबी मुलांना आणि निळा मुलींना शोभतो, कारण गुलाबी हा जास्त ठाम रंग आणि निळा नाजूक! तेव्हा सगळे तेच मानत होते असं नाही, दुकानादुकानाप्रमाणे बदलायचं, पण म्हणजे "निसर्गतःच" वगैरे काही नाही.

दोनपोरांचीआई

@जुनेफोटोवाला फोटो भारीच आहे, पण काका म्हणतील रूझवेल्टला सांग, मला काय सांगतेस 😅 @सुईदोरा दोन पानं म्हणजे खिशाच्या आकाराचे दोन तुकडे ना? रविवारी करून बघते.

सुईदोरा

हो तेच. आणि हात मावेल एवढा मोठा काप, दगड ठेवायचेत म्हणालीस ना.

स्पष्टबोलतेराग_नसावा

थोडं उलटं बोलू का. माझ्या मुलीला गुलाबीच आवडतो, तोही चमकी लावलेला, मी तीन वर्षं तिला खाकी आणि करडे घालून बघितले, ती रडली, मी रडले, शेवटी सोडून दिलं. गुलाबीला नाकं मुरडणं पण तसंच ना, मुलींचं म्हणून हलकं? मुलीने पँट घातली, झाडावर चढली तर सगळे कौतुक करतात, "अगदी मुलासारखी आहे हो". मुलाने झालर लावली की मात्र घरात गंभीर बैठक. या दोन्ही वाक्यांत मुलगी खालीच. त्यामुळे तुला जे लागलं ते बरोबरच लागलं. मी त्या काकांना तिथेच म्हटलं असतं, "मुलगी असण्यात वाईट काय आहे काका?" हसत हसतच, तेही हसतच म्हणाले होते ना.

एकबाबा

मी त्या काकांच्या जागी होतो, प्रामाणिकपणे सांगतो. कपड्यांचं नाही पण बोलण्याचं. मुलगी आली की माझ्या तोंडून आपोआप "किती गोड फ्रॉक" आणि मुलगा आला की "काय पैलवान, शर्यत लावायची का". बायकोने एकदा लक्षात आणून दिलं तेव्हा मी नाही म्हणालो, मग दोन दिवस स्वतःचं बोलणं ऐकलं आणि गप्प बसलो. 1975 चा एक प्रयोग वाचलाय, तीन महिन्यांच्या बाळाला पिवळे कपडे घालून मोठ्या माणसांकडे द्यायचे, काहींना सांगायचे मुलगा, काहींना मुलगी, काहींना काहीच नाही. मुलगी आहे असं सांगितलं की लोक जास्त करून बाहुली पुढे करायचे. ज्यांना काही सांगितलं नव्हतं ते पकड घट्ट आहे म्हणून मुलगा, नाजूक आहे म्हणून मुलगी असे अंदाज लावत बसले. बाळ एकच!

काकांशी वाद घालू नका, माझ्यासारखे लोक वादात अजून ताठ होतात. मुलासमोर एवढंच म्हणा, "रेनकोट पावसाचा असतो काका." आणि तुमच्या घरातल्या बाबांना गुलाबी शर्ट असेल तर घालायला लावा, साडेतीनच्या पोराला बाबाने घातलेलं सगळं चालतं.

दोनपोरांचीआई

बाबांकडे गुलाबी काहीच निघालं नाही, हेही बघा 🙄 पण खिसे झाले! वाकडे आहेत, लेकीने लगेच सात दगड भरले आणि फ्रॉक एका बाजूला लोंबतोय, ती खूश. तिचे खिसे बघून धाकट्याने स्वतःच रेनकोट शोधून काढला कारण त्यालाही दोन मोठे खिसे आहेत. आज घालून गेला. वाटेत एकाने विचारलंच, गुलाबी का रे? तर म्हणे हा गुलाबी नाही, डायनोसॉरच्या जिभेचा रंग आहे.