पणजोबांच्या जन्माची नोंद कशी शोधायची? (कोतवाल बुक, मोडी)

नमस्कार मंडळी,

वंशावळ जुळवायला घेतलीय आणि पणजोबांपाशी गाडी अडलीय. जातीच्या दाखल्यासाठी नकोय, निव्वळ हौस आहे. आधीच सांगतो, कारण अभिलेख कक्षात पहिला प्रश्न तोच येतो, आणि 'हौस' म्हटलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

हाताशी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे. त्यावर जन्मतारीख १ जून, म्हणजे गुरुजींनी ठोकून दिलेली. पणजोबांबद्दल एवढंच ऐकून आहे की 'प्लेगच्या सालचा जन्म'. म्हणून तहसीलमधून गाव नमुना १४ ची, म्हणजे कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंदवही), १८९६-९७ ची पानं काढली. मोडीत आहेत. जाणकाराकडून वाचून घेतली, तर आडनाव कुठेच नाही, सगळं 'अमुक बिन तमुक', म्हणजे तमुकचा मुलगा अमुक. जन्माच्या नोंदीत बाळाचं नावही नाही, नुसतं 'मुलगा'. त्यात एकाच नावाचे दोन बाप निघाले. आता आपला कोणता हे ठरवायचं कसं? आणि जनगणनेचे जुने घरवार कागद बघायला मिळतात का?

प्रतिसाद १
जनगणनेचा नाद सोडा. १९४८ च्या कायद्याच्या कलम १५ नुसार ते कागद कुणालाच पाहता येत नाहीत.

प्लेगच्या सालावर फार विसंबू नका. तो १८९६ ला मुंबईत आला, पण पुढे कितीतरी वर्षं गावोगाव फिरत होता. तुमच्या गावात कधी पोचला ते कोण सांगणार? पुढची दहाएक वर्षं तरी चाळा.

आणि जन्माच्या मागे लागण्यापेक्षा मृत्यू धरा. जमीन होती ना? मग फेरफार काढा, म्हणजे गाव नमुना ६, जमिनीच्या हक्कातले बदल लिहिलेली वही. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे पणजोबांच्या वडिलांचा वारस फेरफार सापडायची बरीच आशा आहे. त्यात मयताचं नाव, मुलगे, कधी विधवा बायको, अज्ञान (वयाने लहान) मुलाचा पालक असं सगळं एका ठिकाणी येतं. दोन बापांमधला तुमचा कोणता, ते भावांच्या नावांवरून लगेच कळेल.

प्रतिसाद २
जिल्ह्याच्या संकेतस्थळावरही बघा. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात जुनी दप्तरं स्कॅन झाली आहेत. तुमची जात कुठलीही असो, शेजाऱ्याच्या नोंदीच्या पानावर तुमचीही ओळ असू शकते. शिवाय नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की पिढ्यांची नावं निघतात, घरातलं कुणी तिथे जाऊन आलेलं असेल तर.

धागाकर्ता
फेरफाराचं डोक्यातच आलं नव्हतं. पण सातबाऱ्यावर गट नंबर आहे आणि जुने फेरफार सर्व्हे नंबरावर असणार. मेळ कसा घालू?

प्रतिसाद १
भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचा (जमिनीचे तुकडे जोडून गट पाडले त्याचा) उतारा मागा. जुना सर्व्हे नंबर त्यात मिळेल. अर्जात गट नंबर आणि गाव स्पष्ट लिहा, नाहीतर फिरवत बसतील.