पिस्तुलाची मूठ अजून तासू का?

प्रश्न: जुनं दहा मीटर एअर पिस्तूल घेतलंय. अक्रोडाची मूठ अंगठ्याच्या बेचक्यात टोचते. कानशीनं घासली, तरी छर्रे सात-आठ गुणांच्या वर्तुळात, तेही डावीकडेच. अजून तासू?

उत्तर १: थांबा हो! तासलेलं लाकूड परत येत नाही. मी तळहाताला खडू चोळून मूठ धरतो. डाग उमटेल तेवढंच पॉलिश पेपरनं घासतो. माझी पहिली मूठ अशीच घाईत गेली, आता तिच्यावर निम्मं एम-सील आहे.

उत्तर २: उजव्या हाताचे ना? बोट ट्रिगरला बाजूनं ढकलत असेल. कोऱ्या भिंतीसमोर छर्रा न भरता रिकामं चालवा, पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) हलते का बघा. आणि ट्रिगर दाबायला लागणारं वजन ५०० ग्रॅमच्या खाली नेऊ नका, स्पर्धेत वजन टांगून तपासतात.

प्रश्नकर्ता: माशी हलतेय राव! कानशी बाजूला ठेवली.