मदत हवी आहे: आईच्या फायब्रोमायल्जियासाठी लाल प्रकाशाचं पॅनेल घ्यावं का? (सांगली)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, पण धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आई ५२ वर्षांची. आम्ही सांगलीत मारुती चौकाजवळ राहतो. आई घरूनच पोळीभाजीचे डबे देते. एकेकाळी ४० डबे जायचे, आता १४ वर आलेत, आणि तेही मी सकाळी ऑफिसला जायच्या आधी कणीक मळून दिली तरच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी घरात शिरलं. आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती ते वर्ष. आम्ही अकरा दिवस विश्रामबागला मामाकडे होतो. परत आल्यावर आईनं घमेल्यानं गाळ उपसला, भिंती धुतल्या, भिजलेल्या गाद्या रस्त्यावर नेऊन टाकल्या. महिन्याभरात पाठ धरली. मग खांदे, मांड्या, तळपाय. आम्हाला वाटलं दगदग झालीय, उतरेल. ती उतरलीच नाही. सकाळी उठल्यावर पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हात मांडीवर ठेवते आणि बोटं एकेक करून उघडते, मिटते. दहा मिनिटं तरी. मग उठते. "अंगाला कुणी रात्रभर काठीनं बडवल्यागत वाटतंय," म्हणते. गेल्या दिवाळीपासून हिरव्या बांगड्याही काढून ठेवल्यात, मनगटावर त्यांचं ओझं सहन होत नाही म्हणून. ते बघून मला जेवढं लागलं तेवढं कुठल्याच रिपोर्टनं लागलं नाही.

रिपोर्ट तर सगळे चांगले! अंगातली सूज आणि संधिवात बघायच्या रक्ततपासण्या (ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर), थायरॉईड, सगळं ठीक. व्हिटॅमिन डी कमी होतं, ते भरून काढलं, फरक शून्य. "काही नाही झालेलं तुम्हाला, मनाला लावून घेऊ नका," असं एका ठिकाणी सांगितलं तेव्हा आई रिक्षात रडली होती. नातेवाइकांत तर कामाचा कंटाळा इथपर्यंत बोलून झालं. पाच वर्षं अशी गेली.

गेल्या वर्षी मिरजेला एका संधिवाततज्ज्ञांनी तासभर वेळ दिला. झोपेचं विचारलं, विसराळूपणाचं विचारलं, कुठे कुठे आणि किती महिन्यांपासून दुखतं ते चित्रावर खुणा करून घेतलं, आणि फायब्रोमायल्जिया असं नाव सांगितलं. त्यांनी समजावलं ते आईला फार पटलं: घरात दिवा एकच जळतोय, पण मीटर पळतंय दहा दिव्यांचं. म्हणजे सांधे झिजलेले नाहीत, स्नायू कुजलेले नाहीत, पण मज्जासंस्था साध्या स्पर्शालाही वेदना म्हणून मोजते. दुखणं खोटं नाही, हे ऐकून ती परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत शांत बसून होती.

आधी प्रेगाबॅलिन ही गोळी दिली, तिनं चक्कर यायची, पाय सुजले, बंद केली. आता ड्युलोक्सेटिन ही दुसरी गोळी चालू आहे, थोडा उतार आहे. रोज चालायला सांगितलंय. चालणं आठवड्यातून तीन दिवस होतं, चार दिवस बुडतं.

आता मूळ विषय. मामांच्या ओळखीतून एका ठिकाणी लाल प्रकाशाची मोफत चाचणी करून दिली. अंधारी खोली, उंच पॅनेल, समोर आई डोळ्यांवर गॉगल लावून पडलेली, वीस मिनिटं. त्या रात्री ती सलग सहा तास झोपली. दुसऱ्या दिवशी स्वतः कणीक मळली. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखं. आता आईच्या मनानं घेतलंय. मला मात्र एक गोष्ट खटकत राहते. त्या वीस मिनिटांत तिला कुणी हाक मारली नव्हती, कुकरची शिट्टी नव्हती, फोन नव्हता. त्या दिवशी डब्यांनाही सुट्टी होती. झोप लागली ती प्रकाशानं की पडून राहायला मिळालं म्हणून, हे मला सांगता येत नाही.

पॅनेल ४२ हजारांचं आहे. तिथेच जाऊन घ्यायचं तर २४ वेळचं पॅकेज १८ हजार. आईची भिशी या महिन्यात लागलीय, ४० हजारांची. इतकी वर्षं भिशी लागली की कधी माझी फी, कधी फ्रीज, पुरानंतर दारं-खिडक्या. "ह्या खेपंला माझ्या अंगासाठी घालावं म्हणते," असं ती पहिल्यांदा म्हणाली. मला तिला नाही म्हणायचं नाहीये. पण चार महिन्यांनी काहीच झालं नाही तर पैशापेक्षा तिची उमेद जाईल, आणि घरातले परत तिलाच बोलतील, याची मला धास्ती आहे.

मी थोडं वाचलंय. याला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. १९६७ मध्ये बुडापेस्टला एन्द्रे मेस्टर यांनी उंदरांच्या भादरलेल्या कातडीवर लेझर टाकला तर केस लवकर उगवले, तिथून याची सुरुवात. लाल आणि त्याच्या पलीकडचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीची ऊर्जा बनवणाऱ्या भागातलं) एक एन्झाइम शोषून घेतं आणि पेशीची ऊर्जा वाढते, असं त्यामागचं गणित मांडतात. पण आईचं दुखणं जर मज्जासंस्थेच्या मोजणीत असेल, तर कातडीवर पडलेला प्रकाश तिथवर कसा पोहोचतो, हे मला कळलेलं नाही. आणि विकणाऱ्याला विचारलं तर तो ग्राहकांचे व्हिडिओ पाठवतो.

तर विचारायचं असं: कुणी हे स्वतःसाठी किंवा घरातल्या कुणासाठी वापरलंय का? किती दिवसांनी फरक कळला, आणि तो टिकला का? विकत घ्यायचंच तर पॅनेलमध्ये काय बघायचं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, उपयोग होतोय की नाही हे आमचं आम्हाला ताडून कसं बघता येईल?

— कृष्णाकाठ

वाटसरू:
ताई, गरम पाण्याची पिशवी ३०० रुपयांना मिळते. तेही शेकच, हेही शेकच. ४२ हजार आईच्या नावानं एफडीत टाका.

कृष्णाकाठ:
पिशवी आहे हो घरात, रोज रात्री वापरते ती. तिनं पाठीला तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पैसे वाचवा हे तुम्ही आपुलकीनं सांगताय हे कळतं. पण आईनं स्वतःसाठी काही मागितलं आणि मी ते न तपासताच नाही म्हटलं, असं मला होऊ द्यायचं नाही.

हाडवैरी नसलेला फिजिओ:
मी वाळवा तालुक्यात फिजिओथेरपीचं काम करतो. आधी एक घोळ काढून टाकू. आमच्याकडे लाल बल्बचा जो दिवा असतो तो उष्णतेचा. त्यानं कातडी तापते, रक्तप्रवाह वाढतो, शेक मिळतो. तुम्ही म्हणता ते एलईडी पॅनेल वेगळं, त्यात तापवणं हा हेतू नाही. म्हणून वाटसरूंचं 'दोन्ही शेकच' हे तितकं बरोबर नाही.

पुरावा अगदी नाही असं नाही, पण तो छोटा आहे. २०१९ च्या एका आढाव्यात फायब्रोमायल्जियावर लो-लेव्हल लेझरच्या (कमी शक्तीच्या, न तापवणाऱ्या लेझरच्या) ९ चाचण्या एकत्र केल्या होत्या, रुग्ण सगळे मिळून ३२५. वेदना, थकवा, जखडलेपणा यांत फायदा दिसला. मात्र ते लेझर होते, बहुतेक ठिकाणी दुखऱ्या बिंदूंवर धरलेले. नंतर स्पेनमध्ये ४२ जणांवर, यंत्रात झोपवून सबंध अंगाला प्रकाश देऊन चाचणी झाली, अर्ध्या लोकांना खोटा उपचार देऊन. तिथे आठवड्याला तीन अशा १२ बैठका होत्या. वेदना कमी झाल्याचं दिसलं. पण झोपायचं ते यंत्र आणि तुमच्या मामांच्या ओळखीचं पॅनेल एकच समजू नका.

पॅनेलवर दोन आकडे हवेत. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये, साधारण ६३० ते ६६० लाल आणि ८१० ते ८५० इन्फ्रारेड. दुसरा आकडा बहुतेक जण लपवतात: ठरावीक अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॅट पडतात. समजा ३० पडतात आणि तुम्ही दहा मिनिटं बसलात, तर ३० गुणिले ६०० सेकंद, म्हणजे १८,००० मिलिजूल, म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरला १८ जूल. हाच डोस. अंतर वाढवलं की डोस घटतो. आणि जास्त घेतला म्हणजे जास्त फायदा असं इथे नाही, एका मर्यादेनंतर परिणाम उलट कमी होतो.

गॉगल हवाच. इन्फ्रारेड दिसत नाही, त्यामुळे डोळे आपोआप मिटत नाहीत. गळ्यावर थायरॉईडच्या जागी मारा नको. आणि आईच्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, काही औषधांनी कातडी प्रकाशाला हळवी होते.

एक मात्र मनापासून सांगतो. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये फायब्रोमायल्जियाच्या सगळ्या उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा ठामपणे शिफारस केली ती फक्त व्यायामाची. ते चार बुडणारे दिवस आधी भरून काढा. १५ मिनिटं नको, ५ मिनिटं चाला, पण रोज. प्रकाश घेतलात तरी तो चालण्याच्या जोडीला, त्याच्या जागी नाही.

साताऱ्याची सून:
ताई, मला स्वतःला हा आजार आहे, सहा वर्षं झाली. साताऱ्यात सदर बझारला असते. तुमच्या आईच्या बांगड्यांचं वाचलं आणि वाचता वाचता थांबले. माझं मंगळसूत्र तसंच आहे, मानेला खुपतं. सासूबाईंनी समजून घेतलं, सगळ्यांच्या नशिबी तसं नसतं.

चार महिने पॅनेल वापरतेय, नणंदेचं आहे, मी विकत घेतलेलं नाही. पहिले पंधरा दिवस काही नाही. मग खांद्यांचा आखडलेपणा कमी वाटायला लागला. संध्याकाळी घेतलं तर झोप बरी लागते. डोक्यातलं धुकं मात्र जसंच्या तसं. गॅसवर दूध ठेवलेलं आजही विसरते. मध्ये हावरेपणानं रोज अर्धा तास बसायला लागले तर डोकं जड व्हायचं, अंग जास्त ठणकायचं. दहा मिनिटांवर आणलं, दिवसाआड, आता ठीक आहे.

आणि सगळ्यात मोठा धडा मला मिळाला तो बऱ्या दिवसाचा. बरं वाटलं की आपण आठवड्याची कामं एकाच दिवशी उरकतो, डबे घासून, माळा झाडून, आणि मग तीन दिवस अंथरुणात. तुमच्या आईनं त्या दुसऱ्या दिवशी कणीक मळली ना? तिसऱ्या दिवशीचं दुखणं त्या कणकेचंही असेल. त्याचा दोष प्रकाशाला देऊ नका, आणि आईला तर मुळीच नको.

कृष्णाकाठ:
साताऱ्याच्या ताई, कणकेचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी तर त्या दिवशी खूश होऊन तिला अजून दोन डबे वाढवू या म्हणाले होते. तुमचा प्रतिसाद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. मंगळसूत्राच्या ओळीला तिनं मला थांबवलं आणि परत वाचायला सांगितलं.

फिजिओदादा, आज दुकानात जाऊन पॅनेल उलटं करून बघितलं. जाहिरातीत १५०० वॅट, मागच्या पट्टीवर प्रत्यक्ष वापर २९० वॅट. तरंगलांबी ६६० आणि ८५० लिहिलीय. चौरस सेंटिमीटरचा आकडा कुठेच नाही, विचारल्यावर 'कंपनीला विचारून सांगतो' म्हणाले. तो मिळेपर्यंत विकत घ्यायचं नाही, असं मामांना सांगितलं. मामा थोडे रागावलेत.

घरी बसून आम्ही असं ठरवलंय. भिशी आईच्याच खात्यात राहील, त्याला कुणी हात लावायचा नाही. पॅकेज न घेता १२ बैठकांचे पैसे एकेक करून द्यायला ते तयार झालेत, ९०० रुपये प्रत्येकी. पण त्याआधी दोन आठवडे प्रकाश नाही, फक्त रोजचं ५ मिनिटं चालणं, आणि दुपारी दार लावून वीस मिनिटं पडून राहणं. त्या वेळात हाक मारायची नाही, फोन माझ्याकडे. मग चार आठवडे तेच सगळं अधिक प्रकाश. दुखणं दहापैकी किती, झोप किती तास, सकाळी बोटं उघडायला किती मिनिटं लागली, एवढं रोज वहीत. डब्यांची संख्या या सहा आठवड्यांत १४ च. पडून राहण्यानंच फरक पडत असेल तर तो आधीच्या दोन आठवड्यांत दिसेल, असा माझा हिशोब आहे. चुकत असेल तर सांगा.

मिरजेच्या डॉक्टरांना गोळ्यांची यादी घेऊन शुक्रवारी भेटतोय. तोवर बैठक सुरू करणार नाही.

वही आईनं स्वतःच्या हातानं लिहायची असं तिचंच म्हणणं. काल पहिलं पान झालं. दुखणं ७. झोप ४ तास, दोनदा जाग. बोटं १२ मिनिटं. चालणं गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. खाली तिनं आपणहून एक ओळ जोडलीय: दुपारी दार लावलं होतं, कुणी आलं नाही.

फिजिओदादा, एक राहिलंच. डोस मोजायचं काही स्वस्तातलं यंत्र मिळतं का, की दुकानदाराच्या आकड्यावरच विसंबायचं?