शहरातून वाहणाऱ्या लहान ओढ्याचा वादळी पावसातील कमाल विसर्ग कसा काढावा?

प्रश्न

एका लहान शहरातून वाहणाऱ्या ओढ्यावरील मोरी पुरेशी आहे का, हे मला तपासायचे आहे. पाणलोट क्षेत्र २४० हेक्टर असून त्यातील खालचे ८० हेक्टर दाट वस्तीचे आणि वरचे १६० हेक्टर शेती व माळाचे आहे. पाण्याची सर्वांत लांब वाट २,६०० मीटर असून तेवढ्या अंतरात पातळी ६५ मीटरने उतरते. ओढ्याच्या विसर्गाची, म्हणजे सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याची, कोणतीही नोंद उपलब्ध नाही. चोवीस तासांत १२० मिलिमीटर, म्हणजे ताशी ५ मिलिमीटर पाऊस आणि ०.४५ अपधाव गुणांक (पावसापैकी वाहून जाणारा हिस्सा) धरून रॅशनल पद्धतीने (गुणांक × पावसाची तीव्रता × क्षेत्र) मला सेकंदाला केवळ १.५ घनमीटर विसर्ग मिळतो. प्रत्यक्षात मागच्या गडगडाटी पावसात पाणी मोरीवरून रस्त्यावर आले होते. माझे कोठे चुकते आहे?

प्रतिसाद १

गुणांक ठीक आहे, वस्तीला ०.७५ आणि शेतीला ०.३० धरले तरी भारित सरासरी ०.४५ च येते. चूक पावसाच्या कालावधीत आहे. वादळी पाऊस दिवसभर सारखा पडत नाही. तो अर्ध्या-पाऊण तासात कोसळून मोकळा होतो, आणि एवढ्या लहान पाणलोटाला पूर येण्यासाठी तेवढा वेळ पुरतो. सर्वांत दूरच्या टोकाचे पाणी मोरीपर्यंत पोहोचायला जितका वेळ लागतो, तितक्याच कालावधीच्या पावसाची तीव्रता सूत्रात घालावी लागते. आपल्या आकड्यांवरून वाटेची लांबी व उतार यांवर आधारलेल्या किर्पिचच्या सूत्राने हा वेळ, म्हणजे संकेंद्रण काळ, सुमारे ३४ मिनिटे येतो. तीव्रता-कालावधी-वारंवारता वक्रावर (किती वेळाचा पाऊस किती वर्षांतून एकदा किती जोराने पडतो, हे दाखवणारा आलेख) त्या कालावधीला समजा ताशी ८० मिलिमीटर मिळाले, तर ०.४५ × ८० × २४० ÷ ३६० (३६० हा एककांच्या रूपांतराचा आकडा) म्हणजे सेकंदाला २४ घनमीटर विसर्ग होतो. आपल्या उत्तराच्या तो सोळा पट आहे.

प्रतिसाद २

वरील हिशेब मान्य आहे, पण संपूर्ण क्षेत्राचा एकच आकडा काढून थांबू नये. वस्तीतील पाणी छपरांवरून आणि गटारांतून पंधरा मिनिटांत मोरीशी येत असेल, तर तेवढ्या अल्प कालावधीची तीव्रता बरीच जास्त असते. ती ताशी १२० मिलिमीटर धरल्यास खालच्या ८० हेक्टरांतूनच २० घनमीटर येतात, म्हणजे एक तृतीयांश क्षेत्र जवळजवळ सगळ्या क्षेत्राइतका पूर आणते, आणि तोही निम्म्याहून कमी वेळात. वस्ती थोडी वाढली की हाच आकडा मोठा ठरेल. दोन्ही गणिते करून मोठा आकडा घ्यावा, आणि गुणांक आजच्या नव्हे, तर पुढच्या बांधकामाच्या अंदाजाने ठरवावा.

प्रतिसाद ३

कागदावरचा आकडा ओढ्यात उतरून पडताळावा. मागच्या पुराच्या खुणा, म्हणजे झुडपांत अडकलेला काडीकचरा आणि भिंतीवरची गाळाची रेघ, अजून दिसत असतील. मात्र मोरीलगतच्या खुणा घेऊ नयेत, कारण तेथे पाणी तुंबून चढलेले असते. वरच्या बाजूला सरळ आणि एकसारखा भाग निवडावा. उदाहरणार्थ, छेदाचे क्षेत्र ९ चौरस मीटर, ओली परिमिती (छेदात पाण्याला टेकणाऱ्या तळ व काठांची लांबी) १० मीटर, उतार शंभरास एक आणि पात्राचा खडबडीतपणा ०.०४ असेल, तर यांवरून वेग काढणाऱ्या मॅनिंगच्या सूत्राने वेग सेकंदाला सुमारे २.३ मीटर व विसर्ग २१ घनमीटर येतो. हा त्या एका पावसाचा विसर्ग आहे, मोरीच्या संकल्पनासाठी (आराखड्यासाठी) धरायचा नव्हे, परंतु १.५ आणि २४ यांपैकी खरा कोणाच्या जवळचा, हे त्यातून कळते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. मोरीचे तोंड २ मीटर रुंद व दीड मीटर उंच, म्हणजे ३ चौरस मीटर आहे. २४ घनमीटर जायचे तर सेकंदाला ८ मीटर वेग लागेल.

प्रतिसाद १

तेवढा वेग येथे मिळणार नाही. पाणी तोंडाच्या वर मीटरभर चढले तरी साधारण १० घनमीटरच जातील, तेही तोंडाशी प्लास्टिक आणि फांद्या अडकल्या नाहीत तर. आता उरलेले १४ घनमीटर रस्त्यावरून कोणत्या बाजूला वळतात आणि वाटेत कोणत्या घरांचे उंबरठे त्या पातळीच्या खाली आहेत, हे लेव्हल (उंचीतील फरक मोजण्याचे उपकरण) लावून मोजावे.