पंपासाठी वर्गणी नको, आधी सेन्सर घ्या

तापीकाठचा
चुलतभावाची मुलगी नऊ वर्षांची आहे, टाइप १ मधुमेह, म्हणजे अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, ते बाहेरून द्यावं लागतं. पाचोऱ्याजवळ राहतात, कोरडवाहू कपाशी. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे भाऊबंद जमले आणि आमरसाच्या पंगतीतच ठरलं, की वर्गणी काढून तिला इन्सुलिन पंप, म्हणजे कमरेला बांधून नळीतून सतत इन्सुलिन सोडणारं यंत्र, घेऊन द्यायचा. पाच-सहा लाख जमतील असा अंदाज. मुंबईच्या आतेभावाने सांगितलं, पंप लावला की सुयांची कटकट संपली. मी विरोध केला, त्यामुळे घरात सध्या मीच कंजूष. इथे मांडतो, फाडायचं ते फाडा.

पंप एकदा घेतला आणि सुटलो असं होत नाही. दर दोन-तीन दिवसांनी कॅन्युला, म्हणजे कातडीखाली बसणारी बारीक नळी, नि जोडनळीचा संच बदलायचा, रिझर्व्हायर म्हणजे इन्सुलिनची टाकी भरायची. साखर बघून स्वतः इन्सुलिन कमी-जास्त करणारा पंप असेल तर त्याचे साखर सतत मोजणारे सेन्सर वेगळे. महिन्याला दहा-पंधरा हजार धरूनच चाला. वर्गणी एकदा निघते. पुढच्या वर्षी कपाशीला भाव नसला तर संच कोण आणणार?

दुसरं जास्त गंभीर आहे. पंपात फक्त जलद काम करणारं इन्सुलिन असतं, दिवसभर पुरणारं इन्सुलिन अंगात नसतंच. रात्री कॅन्युला दुमडली आणि सकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, तर काही तासांत रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढून उलट्या सुरू. मग पंप कळणारा डॉक्टर शोधत जळगाव, तिथे नाही जमलं तर नाशिक.

त्यापेक्षा सेन्सर लावा. दंडावर चिकटवायचा, चौदा दिवस चालतो, एक साधारण पाच हजारांना. बारा महिने नाही परवडला तर महिन्याला एक. मधल्या दिवसांत बोटाची पट्टी आहेच. इंजेक्शनं चालू राहू द्या.

शिरपूरची_लेक
दादा, मी पंप वापरते, कॉलेजपासून. कंजूष म्हणणार नाही, पण तुमचा हिशोब मोठ्या माणसाचा आहे. नऊ वर्षांच्या मुलीला एका वेळी दीड-दोन युनिट लागतात. चाळीसच्या, म्हणजे मिलिलिटरला चाळीस युनिटवाल्या, सिरिंजवर अर्धं युनिट कसं मोजणार? पंप युनिटच्या विसाव्या भागाइतकं बारीक देतो. लहान मुलांत हाच मोठा फरक.

आणि जेवणाचं बघा. आमच्याकडे शेवभाजी झाली की दोन तासांनी साखर ठीक दिसते आणि चौथ्या तासाला चढते, तर्रीतल्या तेलामुळे पोट हळू रिकामं होतं म्हणून. इंजेक्शनवाल्याने काय करायचं, पुन्हा टोचायचं? मी पंपाला सांगते अर्धं आत्ता दे, उरलेलं तीन तासांत सोड. आमरसाला उलट, सगळं आधीच.

रात्रीचं तर बोलूच नका. साखर उतरायला लागली की पंप इन्सुलिन थांबवतो. माझी आई आता झोपते.

नाना_अमळनेर
तुम्हा दोघांचंही जास्तच चाललंय. माझा धाकटा भाऊ काचेची सिरिंज उकळून घ्यायचा, साखर लघवीत बघायचा. साठी ओलांडली त्याने. भाकरी वेळेवर, सुई वेळेवर, शेतात चालणं. तापीकाठच्या भो, तुमनं अर्धं बराबर शे, पंप नको. सेन्सरही नको. त्या पैशांत पोरीच्या नावाने काहीतरी करा.

शिरपूरची_लेक
नाना, राग मानू नका, पण साठी ओलांडलेलेच आठवतात. जे डोळ्यांनी गेले, किडनीने गेले, ते कुणी मोजले नाहीत.

तापीकाठचा
नाना, तिथे मी ताईच्या बाजूला. १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातला डीसीसीटी अभ्यास जाहीर झाला, टाइप १ च्या चौदाशेवर रुग्णांचा. साखर घट्ट आवरली त्यांच्यात डोळ्यांच्या पडद्याचा आजार नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी निघाला. वेळेवर भाकरी-सुई एवढ्याने ते साधत नाही, आकडा बघावाच लागतो.

पण ताई, त्याच अभ्यासात घट्ट आवरणाऱ्या गटातल्या काहींना पंप होता आणि काहींना दिवसाला तीन-चार इंजेक्शनं. फायदा साखर ताब्यात राहिल्याचा होता, यंत्राचा नव्हे. अर्ध्या युनिटचा मुद्दा मान्य, पण अर्धं युनिट देणारे इन्सुलिनचे पेन मिळतात आणि ते पंपाच्या किमतीपुढे काहीच नाहीत.

शिरपूरची_लेक
अर्धाच अभ्यास सांगितलात. त्याच घट्ट गटात साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग तिपटीने होते, दुसऱ्याच्या मदतीशिवाय सावरता येणार नाही असे. ती भीती असते म्हणून आया मुलांची साखर मुद्दाम दोनशेवर ठेवतात. हल्लीचे पंप, उदाहरणार्थ मिनीमेड ७८०जी, दर पाच मिनिटांनी सेन्सरचा आकडा बघून इन्सुलिन बदलतात. १९९३ चा पंप मुकाट ठरलेला डोस सोडायचा. दोन्ही एका तराजूत टाकू नका. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये टाइप १ च्या सगळ्या मुलांना ही पद्धत द्या असं सांगितलं, ते उगाच?

मेडिकलवाला_चाळीसगाव
इंग्लंडात सरकार भरतं ताई. आपली महात्मा फुले योजना दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या उपचारांची, महिन्याच्या नळ्यांची नाही.

मी दुकानातून बोलतो. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसवर जातो. इन्सुलिन वापरात नसताना २ ते ८ अंशांत हवं. कुपी शेतात नेताना ओल्या फडक्यात गुंडाळून, घरी लाइट गेली तर माठाशेजारी ओल्या वाळूत ठेवता येते. पंपातलं इन्सुलिन मात्र कमरेला बांधून उन्हात फिरतं, ते खराब झालं तर आकडा वाढल्यावरच कळतं. घामाने सेन्सर सुटतात, त्यावर वरून पट्टी लावा. त्या पट्टीचे पैसे कुणी सांगत नाही.

अजून एक. पंपाला शंभरचं, म्हणजे मिलिलिटरला शंभर युनिटचं, इन्सुलिन लागतं. घरात जुनी चाळीसची लाल टोपीची सिरिंज पडलेली असते. पंप बंद पडला, घाईत शंभरची कुपी लाल टोपीच्या सिरिंजने भरली, तर अडीचपट डोस जातो. शंभरला नारिंगी टोपी, हे आई-बाप दोघांना पाठ पाहिजे.

फिटनेस_धुळे
मला मधुमेह नाही, पण मी सेन्सर लावला होता. केळी खाल्ल्यावर माझी १५० गेली! सगळ्यांनीच लावायला हवा.

मेडिकलवाला_चाळीसगाव
केळी खाल्ल्यावर साखर वाढणार नाही तर काय कमी होणार? तुमची खाली आपोआप येते साहेब. त्या पोरीची येत नाही, हाच तिचा आजार.

झेडपीची_बाई
मी शिक्षिका आहे, तळोदा भागात. तापीकाठचे दादा, सेन्सर स्वस्त म्हणून सोपा समजू नका. गजर वाजतो फोनमध्ये, तोही जवळ असेल तर. तिसरी-चौथीतल्या मुलीला शाळेत फोन कोण आणू देतं? आईच्या फोनवर आकडा जायचा तर मुलीजवळ फोन हवा आणि दोन्हीकडे रेंज हवी. जुन्या प्रकारच्या सेन्सरला तर गजरच नाही, फोन टेकवला तर आकडा दिसतो.

शिवाय सेन्सर रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, पाच-दहा मिनिटं मागे असतो. मैदानात पळताना साखर झपकन उतरते तेव्हा तो ९० दाखवतो आणि मुलगी घामाघूम, थरथरतेय. अशा वेळी तोंडात ग्लुकोज पावडर, आकड्याची वाट बघायची नाही. हे वर्गशिक्षकाला सांगितलंय का कुणी? आमच्याकडे एका मुलाचे पालक आजार लपवत होते, पुढे लग्न जमणार नाही म्हणून. मुलगी असली तर विचारूच नका.

तापीकाठचा
बाई, शाळेचं खरंच डोक्यात नव्हतं, भावाला सांगतो. ताई, तुमचं रात्रीचं म्हणणं मी टाळत नाही. पण तुमच्या पंपालाही जेवणाचा आकडा तुम्हीच टाकता ना? भाकरीत किती कर्बोदकं, मांड्यात किती, हे आधी घरात शिकायला हवं. ते सेन्सर बघत इंजेक्शनवर शिकता येतं. वर्षभर साखर ७० ते १८० मध्ये सत्तर टक्के वेळ राहिली तर पंपाची गरज काय? नाही राहिली तर पुन्हा बसू. तोवर सहा लाख ठेवीत टाका, सात टक्क्यांनी व्याज बेचाळीस हजार, म्हणजे आठ सेन्सर फुकट.

शिरपूरची_लेक
आठ सेन्सर म्हणजे सोळा आठवडे. उरलेल्या छत्तीस आठवड्यांच्या रात्रींचं काय? आणि दादा, तुम्ही भाऊबंदांना ओळखत नाही का? यंत्र दिसतं, फोटो निघतो, म्हणून लोक पाच-पाच हजार काढून राह्यले. मुदत ठेवीला नि दंडावरच्या चकतीला वर्गणी मागून बघा एकदा, सहा लाखांतले किती उरतात ते इथेच येऊन सांगा.