बसमध्ये मोबाईल मोठ्याने वाजवला तर हजार पौंड दंड?

ईस्टहॅमची सई

नानांच्या परवाच्या पोस्टखालीच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण ते लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतेय. ज्यांनी पोस्ट वाचली नसेल त्यांच्यासाठी नानांचं म्हणणं थोडक्यात असं: लंडनच्या बसमध्ये आणि ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, इयरफोन न लावता गाणी, रील वाजवणाऱ्यांना सरळ हजार पौंड दंड ठोका. हा देश पूर्वी शांत होता, बाहेरून आलेल्यांनी आणि "त्या टपोरी रॅपवाल्या पोरांनी" तो बिघडवला.

आधी दंडाचं. रेल्वेच्या नियमांत हजार पौंडांपर्यंतचा दंड आहेच. बससाठी १९९० चे नियम आहेत, त्यांतही इतरांना त्रास होईल असं काही वाजवायला मनाई आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाने स्थानिक निवडणुकांच्या तोंडावर ही मागणी केली आणि कुणाला काही नवीनच सुचल्यासारखी चर्चा झाली. कायदा आहे, तो राबवायला माणूस नाही. आणखी एक कायदा केल्याने तो माणूस कुठून येणार?

आता "पूर्वी शांत होता" याबद्दल. वॉकमन इथे १९८० मध्ये 'स्टोअवे' या नावाने आला, तेव्हाही शेजारच्याच्या हेडफोनमधून येणाऱ्या चिरचिरीवर लोक वैतागतच होते. मोबाईल वाजवण्याचं म्हणाल तर २००५ साली दोन गोष्टी जवळपास एकदमच झाल्या. लंडनमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना बस फुकट झाली आणि सोनी एरिक्सनचे गाण्यांचे फोन पोरांच्या हाती आले. शाळा सुटली की वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या बाकावर टोळकं बसायचं, ब्लूटूथवरून गाणं एकाकडून दुसऱ्याकडे जायचं. ते गाणं बहुतेक वेळा ग्राइम असायचं, म्हणजे लंडनचं आपलं रॅप. पूर्व लंडनमधल्या बो भागातल्या सरकारी घरांमधल्या झोपायच्या खोल्यांत तयार झालेलं आणि चोरट्या रेडिओवर वाजलेलं. त्यातल्याच डिझी रास्कल या गायकाला २००३ मध्ये मर्क्युरी हे संगीताचं मोठं पारितोषिक मिळालं तेव्हा त्याला एकोणीस पूर्ण नव्हती. ग्राइमवालाच स्टॉर्मझी २०१९ मध्ये ग्लास्टनबरी या मोठ्या संगीत महोत्सवाच्या मुख्य मंचावर होता. नाना, ही पोरं बाहेरून आलेली नाहीत. ती इथलीच आहेत, बो आणि क्रॉयडनमध्ये जन्मलेली. तुम्ही आणि मी बाहेरून आलो.

आणि त्यांच्या बाबतीत हा देश कधी शांत बसला होता? लंडनच्या पोलिसांचा 'फॉर्म ६९६' होता. क्लबमध्ये कार्यक्रम करायचा तर कोणतं संगीत वाजणार, आणि सुरुवातीला तर प्रेक्षक कोणत्या वंशाचे असणार, हेसुद्धा त्यात विचारत. तो २०१७ मध्ये रद्द झाला. तोवर कितीतरी पोरांचे कार्यक्रम जाऊन बसच तेवढी उरली होती.

नाना हॅरोकर

सईताई, इतिहास वाचला. मी कानांबद्दल लिहिलं होतं.

मी रोज १८२ ने जातो. काल वेम्बली सेंट्रलला एक गृहस्थ चढले. मांडीवर फोन, त्यावर क्रिकेटचे जुने क्षण. विकेट पडली की समालोचक ओरडतो, हे अंगठ्याने पुन्हा मागे घेतात, पुन्हा तोच ओरडा. पुढच्या सीटवर एक बाई व्हिडिओ कॉलवर, फोन तोंडासमोर आडवा धरून, पलीकडे कुणाचं तरी घर, प्रेशर कुकरच्या शिट्ट्यांसकट. बाबागाडीतल्या पोराच्या हातात टॅबलेट आणि त्यावर एकच बालगीत पुन्हा पुन्हा. तिन्ही आवाज एकदम. यात तुमचं ग्राइम कुठे आहे?

टीएफएलने, म्हणजे लंडनची बस-ट्यूब चालवणाऱ्या संस्थेने, एक हजार प्रवाशांना विचारलं, सत्तर टक्के लोकांनी त्रास होतो असं सांगितलं. ते सत्तर टक्के वंशद्वेष्टे आहेत का? २००७ मध्ये पबमधली सिगारेट बंद झाली तेव्हाही हेच म्हणत होते, कोण राबवणार म्हणून. राबवली की लोकांनी. कारण बंदी स्पष्ट होती, आणि उठून "इथे चालत नाही" म्हणायचं बळ शेजारच्याला मिळालं.

सई (नानांना)

तीन उदाहरणं दिलीत, त्यात एकही टपोरी पोरगा नाही. मग पोस्टमध्ये तो शब्द का होता?

नाना हॅरोकर

तो होता, कारण तीही असतात. शब्द मागे घेणार नाही.

रात्रपाळी

मी नर्स आहे, बर्मिंगहॅमजवळ. रात्रपाळी संपली की कानात मॉनिटरची टिकटिक घरापर्यंत येते. खाटेजवळचा अलार्म बंद करून आपण दहा पावलं गेलो तरी तो वाजतोय असं वाटत राहतं. त्या अवस्थेत बसमध्ये कुणी फोन सुरू केला की डोळ्यांत पाणी येतं, हे मी शरमेने नाही, सरळ सांगतेय.

एकदाच धीर करून बोलले. समोर सुटाबुटातला माणूस होता, इंग्रज, पन्नाशीचा, शेअर बाजाराचा व्हिडिओ बघत होता. मी म्हटलं, कृपया जरा आवाज कमी कराल का. त्याने माझ्या गणवेशाकडे बघितलं आणि आवाज वाढवला. बसभर माणसं होती. प्रत्येकाची मान आपापल्या फोनमध्ये. दोघी-तिघींनी नुसतं 'च्च' केलं, तेही खिडकीकडे बघून. इथल्या लोकांना आतून राग येतो, पण उभं राहायची वेळ आली की सगळे दगड.

दंड हवा, नानांशी सहमत. कुणामुळे बिघडलं याबाबत सईशी सहमत.

तारवाला

सगळे प्रवाशांवर घसरताय, पण मूळ दोषी कुणी सांगत नाही. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक काढून टाकलं, मग एकेकाने तेच केलं. पूर्वी रस्त्यावर पाच पौंडांचे तारेचे इयरफोन घ्यायचे आणि लावायचे. आता ते ब्लूटूथ, ते चार्ज करा, एक गटारात पडला की दुसरा निकामी. माझ्या मुलाचे दोनदा हरवले, तिसऱ्यांदा घेणार नाही म्हणून सांगितलंय. आता तो काय करणार, बसमध्ये ध्यान लावणार? दंड करायचाच तर कंपन्यांना करा.

नाना हॅरोकर

मुलाला पुस्तक द्या.

तारवाला

तुमचं वय काय आणि बोलताय काय. टाईप-सीचा अडॅप्टर दुकानात मागा, काय किंमत सांगतात ते ऐका, मग पुस्तकाचं बोलू.

कल्याण लोकल

लंडनजवळच्या स्लो गावात राहतो, आयुष्य मुंबईच्या लोकलमध्ये गेलं. मला ही चर्चाच कळत नाही. आमच्या डब्यात भजनी मंडळ होतं. टाळ, छोटा ढोलक, आणि ढोलक नसला तर डब्याच्या पत्र्यावर ठेका. अभंग सुरू झाला की उभ्याने घामाघूम झालेला माणूसही मान डोलवायचा. आषाढीला प्रसाद वाटायचे. इथल्या ट्रेनमध्ये बसलं की दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटतं. थोडा आवाज असला तर माणूस माणसाला ओळखतो.

सुनीता ठाणे

कल्याणभाऊ, भजनाचं नका सांगू. मी त्याच लाईनवर दोन लेकरं घेऊन प्रवास केलाय. मंडळाची जागा ठरलेली, तिथे दुसऱ्याने बसायचं नाही. बसलात तर "ओ, ही आमची आहे". रुमाल टाकून जागा अडवायची आणि वर विठ्ठलाचं नाव घ्यायचं. डोकं दुखतंय म्हटलं तर "देवाचं नाव त्रास देतं का?" या एका वाक्याने तोंड बंद. बसमधला तो पोरगा बरा, त्याला निदान शिवी तरी घालता येते.

कल्याण लोकल

मंडळाने जागा अडवली हा जागेचा प्रश्न आहे, गाण्याचा नाही. पत्तेवालेही अडवायचे, त्यांना कोण बोललं? आणि मंडळातल्या लोकांनी चालत्या गाडीत किती जणांना सांभाळलंय हे मी पाहिलंय. आमच्या डब्यात एकाला छातीत कळ आली. मंडळवाल्यांनी वारा घातला, स्टेशन येताच उचलून उतरवलं आणि हॉस्पिटलपर्यंत गेले. तुमच्या हेडफोनवाल्या डब्यात शेजारी कोसळला तरी गाणं संपेपर्यंत कळायचं नाही.

सुनीता ठाणे

म्हणजे जीव वाचवायला भजन लागतं का? बिनभजनाच्या लेडीज डब्यात आम्ही एकीचं बाळंतपण निस्तरलंय. भजन चांगलं, पण ते तुम्हाला चांगलं. ज्याला नको त्याने डबा बदलायचा, तोही गर्दीच्या वेळी! आणि बेस्टने २०२३ मध्येच बसमध्ये हेडफोनशिवाय मोबाईल वाजवायला बंदी घातली, तेव्हा मुंबईत सगळ्यांना आवाज आवडतो असं इथे बसून सांगू नका.

नाना हॅरोकर

सुनीताताई, शंभर टक्के.

कल्याण लोकल

नाना, तुम्ही हॅरोत विसर्जनाला ढोल-ताशाला टाळ्या वाजवत असाल की.

नाना हॅरोकर

वाजवतो. वर्षातून एकदा, परवानगी काढून, रस्त्यावर. बंद बसमध्ये नाही. आणि माझ्या देवाला यात ओढू नका.

लीथचा मिलिंद

स्कॉटलंडमधून. इथे २०२२ च्या जानेवारीपासून बावीस वर्षांखालच्या सगळ्यांना बस फुकट आहे आणि तेव्हापासून हाच गजर: पोरं दंगा करतात, पास काढून घ्या. म्हणून सईंचा २००५ चा मुद्दा मला पटतो.

पण एक गोष्ट कुणी काढली नाही. या देशात मोठ्यांनीच पोरांवर आवाज सोडलाय. लंडनच्या एल्म पार्क स्टेशनवर २००३ मध्ये पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत लावायला सुरुवात झाली, पोरांनी तिथे घुटमळू नये म्हणून. आणि २००५ मध्ये वेल्समध्ये 'मॉस्किटो' नावाची पेटी निघाली. दुकानाबाहेर लावायची. तिचा आवाज इतका बारीक आणि उंच की वय वाढलं की तो ऐकूच येत नाही, फक्त पोरांच्या कानात घुसतो. दुकानदार, पोलीस, येणारे-जाणारे प्रौढ, सगळ्यांना शांतता, आणि सोळा वर्षांचा पोरगा कान धरून पळतोय. पुढे पोरांनी तोच आवाज फोनची रिंगटोन केला. वर्गात वाजला तरी मास्तरांना कळेना.

माझ्या भाच्याला अशा पेटीखालून शाळेत जावं लागायचं. तो सांगायचा तेव्हा आम्हाला वाटायचं, बहाणे करतोय. उभे राहून ऐकलं, काहीच नाही. त्याचे डोळे मात्र पाण्याने भरलेले.

रात्रपाळी

हे ऐकून वाईट वाटलं. पण मिलिंददादा, त्या पेटीचा हिशोब माझ्या कानांतून वसूल का व्हावा?

लीथचा मिलिंद

होऊ नये. एवढंच म्हणणं आहे की शांतता हवी तर ती दोन्हीकडून हवी. स्टेशनवर "सी इट, से इट, सॉर्टेड" ही संशयास्पद काही दिसलं तर कळवा म्हणणारी घोषणा २०१६ पासून दिवसभर कानावर आदळतंय. त्याला दंड कोण करणार?

तारवाला

हे मात्र खरं बोललात. ती घोषणा बंद झाली तर मी माझ्या पैशाने मुलाला इयरफोन घेईन.

नाना हॅरोकर

सुरक्षेची घोषणा आणि रील एकाच तागडीत? विषय भरकटवायची हद्द झाली. सरळ सांगा, माझ्यासारख्याने शांतपणे घरी जायचं की नाही?

सई

जायचं, नाना. पण मला का चीड आली ते सांगते, मग तुम्ही ठरवा. मागच्या हिवाळ्यात बसमध्ये आईचा फोन आला. स्पीकरवर नव्हता, कानाला लावून हळू बोलत होते. बाबांचा रिपोर्ट आला होता. मागच्या सीटवरच्या बाईने खांद्यावर टकटक केलं आणि म्हणाली, इथे इंग्लिश बोलायचं, लोकांना त्रास होतो. तिच्या शेजारीच दोघे जण मोठमोठ्याने हसत फुटबॉलवर वाद घालत होते. त्यांना काही नाही. मी पुढच्या स्टॉपवर उतरले आणि थंडीत उभी राहून आईशी बोलले. "बाहेरच्यांनी बिघडवलं" हे वाक्य मराठीत, आपल्याच माणसाकडून वाचलं तेव्हा मला ती टकटक आठवली. दंडाची वही ज्याच्या हातात जाईल, तो आधी कुणाकडे वळेल? त्या सुटातल्या माणसाकडे, की माझ्याकडे?

नाना हॅरोकर

त्या बाईने केलं ते हलकट होतं. मी बसमध्ये असतो तर बोललो असतो.

"बाहेरून आलेल्यांनी" हे मी क्रिकेटवाल्या गृहस्थांसारख्यांबद्दल लिहिलं होतं, आपल्याच लोकांना शिस्त नाही या रागातून. तुम्हाला उद्देशून नव्हतं. तरीही तुम्हाला लागलं असेल तर ते दोन शब्द पोस्टमधून काढतो. दंडाचं मत तसंच राहील. हजार जास्त वाटत असतील तर ऐंशी करा, पण जागच्या जागी, पार्किंगसारखा, कुणालाही.

सई

काढा. ऐंशीलाही माझा विरोध आहे. आधी बोगद्यांतून नेटवर्क आणून देणारे टीएफएलवालेच, ट्यूबमध्ये व्हिडिओ बघा म्हणणारे तेच, मग पावती फाडणारेही तेच. त्यांनी २०२५ मध्ये आवाज करू नका असे पोस्टर लावले, एलिझाबेथ लाईन या रेल्वेमार्गापासून सुरुवात केली, ते ठीक आहे. प्रत्येक बसमध्ये ती पाटी लावा, ड्रायव्हरला एक बटण द्या, त्याने रेकॉर्ड केलेली सूचना वाजवावी. एवढं करून बघा आधी.

लीथचा मिलिंद

म्हणजे आणखी एक घोषणा.

रात्रपाळी

मला चालेल. ती बटण दाबल्यावरच वाजेल, दिवसभर नाही. आणि मला एकटीला उठून बोलावं लागणार नाही.

कुणी माहितगार आहे का: ट्रेनमध्ये ६१०१६ वर मेसेज केला की ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलीस दखल घेतात. असा नंबर बससाठी आहे का?

कल्याण लोकल

बसचं माहीत नाही. सुनीताताई, तुम्ही लेडीज डब्यातल्या बाळंतपणाचं लिहिलंत. तिथे नवरात्रात भोंडल्याची गाणी व्हायची की नाही, ते सांगा.

सुनीता ठाणे

व्हायची. आणि कुणी थांबा म्हटलं की थांबायची.